वीस शिलिंगांचा खटला

१

इंग्लंडात सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यामध्ये जो झगडा झाला, त्याचा इतिहास आपल्या शाळा-महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जात आला आहे. ३० जानेवारी १६४९ या दिवशी पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, हे विद्यार्थ्यास ठाऊक असते. क्रॉमवेलचे नावही त्याने ऐकलेले असते. परंतु हा झगडा नेमका कशासाठी झाला असे विचारले असता, 'राजा जुलमी होता आणि लोकांस स्वातंत्र्य हवे होते' या ठरीव उत्तरापलीकडे तो सहसा जात नाही. हे उत्तर अगदीच चूक आहे असे नव्हे. तथापि ते इतके ढोबळ आहे की, त्यातून ना राजा समजतो, ना पार्लमेंट समजते.

आमच्या मते या झगड्याचे मर्म ज्यास जाणावयाचे असेल, त्याने रणांगणाकडे जाण्यापूर्वी वसुलीच्या एका यादीकडे पाहावे. बकिंगहॅमशर परगण्यातील स्टोक मँडेव्हिल या गावच्या जमिनीबद्दल जॉन हॅम्पडेन नावाच्या एका जमीनदाराकडे वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड, येणे होते. हॅम्पडेन चांगला सधन गृहस्थ होता. त्यास ही रक्कम जड नव्हती आणि राजाच्या खजिन्यासही तिची मातब्बरी नव्हती. असे असता या एका पौंडाचा निवाडा करण्यास राज्यातील बाराही प्रमुख न्यायाधीश एकत्र बसले, आणि तो निवाडा राजाच्या बाजूने लागूनही शेवटी राजासच बाधला. हे कसे घडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम राजाच्या थैलीची स्थिती पाहू. आपल्याकडे होळकरशाहीत 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन निरनिराळे हिशेब असत. राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न निराळे आणि राज्याचा महसूल निराळा, हा भेद इंदूरकडील वाचकांस नव्याने सांगावयास नको. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात असा भेद नव्हता. राजाने आपल्या जमिनी, जकाती, सरंजामी हक्क आणि दंड यांच्या उत्पन्नावर आपला संसारही चालवावा आणि राज्यही चालवावे, अशी तेथील जुनी समजूत होती. युद्धासारखा असाधारण प्रसंग आला म्हणजेच राजाने पार्लमेंट बोलवावयाचे, आपली अडचण सांगावयाची, आणि पार्लमेंटने त्या प्रसंगापुरती मदत मंजूर करावयाची, असा परिपाठ होता.

ही व्यवस्था सोळाव्या शतकातच मोडकळीस आली होती. महागाई वाढत चालली होती. लढाईचा खर्च तर पूर्वीच्या कितीतरी पट झाला होता. एलिझाबेथ राणीने आणि तिच्यामागून पहिल्या जेम्सने राजघराण्याच्या जमिनी विकून वेळ मारून नेली. पण जमीन एकदा विकली म्हणजे तिचे उत्पन्नही कायमचे गेले. दुसरीकडे पार्लमेंटने मंजूर केलेल्या साहाय्यकराचा उताराही घटत चालला होता. त्याची आकारणी परगण्यातील जमीनदार मंडळींच्याच हाती असे आणि ती एकमेकांच्या मिळकती फार हलक्या लिहीत. त्यामुळे एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या आरंभी अशा एका करापासून जे उत्पन्न येई, त्याच्या निम्म्याहूनही कमी चार्ल्सच्या हाती पडू लागले. पार्लमेंटची बाजू घेणाऱ्या इतिहासकारांनी ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड केली आहे. राजा उधळ्या होता असे म्हणणारे सभासद स्वतःचा वाटा मात्र जुन्या, स्वस्ताईच्या काळाच्या मानाने देत होते.

१६१० साली यातून निघण्याचा एक शहाणपणाचा मार्ग पुढे आला होता. जेम्सचा मंत्री रॉबर्ट सेसिल याने असा बेत मांडला की, राजाने काही जाचक सरंजामी हक्क कायमचे सोडावे आणि त्यांच्या बदल्यात पार्लमेंटने त्यास दरसाल दोन लाख पौंडांची नेमणूक करून द्यावी. हा बेत फसला. इतके कायमचे उत्पन्न हाती आल्यावर राजा आपल्याला पुन्हा कशास बोलवील, अशी शंका सभासदांस आली. आपले हक्क विकून आपण हातचे घालवीत तर नाही ना, अशी राजासही आली. पुढील ऐंशी वर्षांची सारी कथा या दोन शंकांत साठविलेली आहे. राजाची गरज हेच पार्लमेंटच्या अस्तित्वाचे कारण होते, आणि हे दोन्ही पक्ष पुरतेपणी ओळखून होते.

३

१६२५ साली चार्ल्स गादीवर आला. नव्या राजास टनेज-पौंडेज नावाची जकात हयातभरासाठी मंजूर करण्याची वहिवाट पंधराव्या शतकापासून होती. चार्ल्सच्या पहिल्या पार्लमेंटात कॉमन्स सभेने ती एका वर्षापुरतीच देऊ केली. राजाने हा अपमान मानला आणि जकात मंजुरीवाचूनच वसूल केली. दुसऱ्या पार्लमेंटाने राजाचा आवडता मंत्री बकिंगहॅम याजवर महाभियोग आणला, तेव्हा राजाने तेही मोडले. स्पेनशी चाललेल्या युद्धास पैसा तर हवा होता. तेव्हा त्याने श्रीमंतांकडून सक्तीचे कर्ज काढले. आपल्या जुन्या दप्तरांत जी 'कर्जपट्टी' आढळते तिची आठवण व्हावी असाच हा प्रकार होता. नाव कर्जाचे आणि रीत पट्टीची. ज्यांनी नकार दिला त्यांस तुरुंगात धाडण्यात आले. त्यांपैकी पाच सरदारांनी १६२७ मध्ये न्यायालयात दाद मागितली, तेव्हा अटकेचे कारण एवढेच सांगण्यात आले की, राजाची खास आज्ञा आहे. न्यायाधीशांनी त्यांस जामिनावर सोडले नाही. कर्ज देण्याचे नाकारून बंदिवास भोगणाऱ्यांत हॅम्पडेनही होता.

येथे पैशाच्या प्रश्नास देहस्वातंत्र्याचा प्रश्न येऊन मिळाला. मंजुरीवाचून पैसा मागावयाचा म्हटले म्हणजे नकार देणाऱ्यास कोंडून ठेवण्याचा अधिकारही लागतोच. १६२८ च्या 'हक्कांच्या अर्जा'त म्हणूनच दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर, देणगी वा कर्ज घेऊ नये, कारण दाखविल्यावाचून कोणास अटकेत ठेवू नये, लोकांच्या घरी शिपाई उतरवू नयेत, आणि शांततेच्या काळात लष्करी कायदा चालवू नये, अशा चार मागण्या त्यात होत्या. सर एडवर्ड कोक हा पंचाहत्तरी ओलांडलेला कायदेपंडित या कामी अग्रणी होता. राजाने अर्ज मान्य केला. पण जकातीचा त्यात नामनिर्देश नाही, तेव्हा ती यातून वगळलेली आहे, अशी त्याची भूमिका होती. २ मार्च १६२९ रोजी कॉमन्स सभेत अध्यक्ष फिंच सभा तहकूब करण्यासाठी उठू लागला, तेव्हा दोघा सभासदांनी त्यास आसनावर दाबून धरले, आणि मंजुरीवाचून घेतलेली जकात जो देईल तो देशाच्या स्वातंत्र्याचा घातक समजावा, असा ठराव त्या गोंधळात संमत झाला. यानंतर अकरा वर्षे पार्लमेंट भरले नाही. ठराव मांडणारा जॉन इलियट १६३२ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये बंदी असतानाच मरण पावला.

४

या अकरा वर्षांत चार्ल्सच्या कायदेपंडितांनी जुनी दप्तरे उलगडून त्यांतून पैसा काढला. जमिनीचे वार्षिक उत्पन्न चाळीस पौंड असूनही ज्यांनी राज्याभिषेकाच्या वेळी सरदारकीची दीक्षा घेतली नव्हती, त्यांस दंड झाला. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजवनांच्या हद्दी पुन्हा आखून त्यांत घरे-शेते असणाऱ्यांकडूनही दंड घेतला. या प्रत्येक मागणीस जुन्या कायद्याचा काही ना काही आधार होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. चार्ल्स कायदा पायदळी तुडवीत होता असे म्हणण्यापेक्षा, तो कायद्याचा शब्द धरून त्यातील जीव काढून घेत होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

या सर्वांत मोठी मागणी म्हणजे जहाजपट्टी. युद्धाच्या धोक्यात बंदरांनी राजास जहाजे पुरवावीत, ती न जमल्यास पैसे द्यावेत, अशी पुरातन वहिवाट होती. १६३४ मध्ये किनाऱ्यावरील गावांस असे आज्ञापत्र गेले. १६३५ मध्ये तेच समुद्र ज्यांनी पाहिलाही नाही अशा आतल्या परगण्यांसही लागू झाले. बकिंगहॅमशरच्या वाट्यास ४५० टनांचे एक जहाज, म्हणजे ४,५०० पौंड आले. सबंध राज्यावर ही पट्टी दरसाल सुमारे दोन लाख पौंडांची होती आणि पहिली काही वर्षे ती बहुतेक सारी वसूल झाली.

न्यायबुद्धीने पाहता राजाचा पक्ष पोकळ नव्हता. उत्तर आफ्रिकेतील चाचे त्या काळी इंग्लंड-आयर्लंडच्या किनाऱ्यांवर उतरून माणसे धरून नेत. १६३१ मध्ये आयर्लंडातील बाल्टिमोर हे गाव त्यांनी असेच लुटले होते. जहाजपट्टीचा पैसा राजाने ऐषआरामात उडविला नाही. तो आरमारावरच खर्च झाला. समुद्र जर साऱ्या देशाचे रक्षण करतो, तर त्याचा भार किनाऱ्यानेच का सोसावा, हा युक्तिवादही बिनतोड होता. मग हॅम्पडेनची हरकत कशास होती?

नोव्हेंबर १६३७ मध्ये खटला सुरू झाला. हॅम्पडेनच्या वतीने ऑलिव्हर सेंट जॉन आणि रॉबर्ट होलबोर्न हे वकील उभे राहिले. सेंट जॉनने राजाचा संरक्षणाचा अधिकार नाकारला नाही. देशावर संकट आहे की नाही हे राजानेच ठरवावे, हेही त्याने मान्य केले. त्याचे म्हणणे एवढेच होते की, राजाचा प्रत्येक अधिकार ठरलेल्या द्वारातूनच वापरला जावा लागतो. न्याय करण्याचा अधिकार राजाचा असला तरी तो न्यायालयांमधून चालतो, त्याप्रमाणे प्रजेचा पैसा घेण्याचे द्वार पार्लमेंट हे आहे. मग त्याने साधे तारखांचे गणित मांडले. आज्ञापत्र निघाले ऑगस्ट १६३५ मध्ये. जहाजे पोर्टस्मथला हजर करावयाची होती १ मार्च १६३६ रोजी. मध्ये जवळजवळ सात महिने गेले. पार्लमेंट बोलाविण्यास चाळीस दिवसांची मुदत पुरते. शत्रू दाराशी येऊन ठेपला असता तर गोष्ट निराळी होती; पण जे संकट सात महिने थांबू शकते ते पार्लमेंटसाठीही थांबू शकले असते.

संपूर्ण खटल्यात याहून मार्मिक मुद्दा आम्हांस दिसत नाही. प्रश्न एक पौंडाचा नव्हता, आरमार हवे की नको हाही नव्हता. संकट आहे असे ठरविणारा, त्यासाठी किती पैसा लागेल हे ठरविणारा आणि तो वसूल करणारा जर एकच असेल, तर संकटास कधी शेवटच येणार नाही, ही खरी भीती होती. जहाजपट्टी १६३४ मध्ये आली, ३५ मध्ये आली, ३६ मध्येही आली. संकटाचा म्हणून घेतलेला कर पाहता पाहता वार्षिक कर होऊन बसला.

१६३८ च्या पूर्वार्धात न्यायाधीशांनी एकामागून एक आपली मते वाचून दाखविली. सात मते राजाकडे आणि पाच हॅम्पडेनकडे पडली. ज्यास एकदा अध्यक्षाच्या आसनावर दाबून धरले होते तोच फिंच आता मुख्य न्यायाधीशांपैकी एक होता. प्रजेचा देह, माल आणि पैसा यांवरील राजाची आज्ञा पार्लमेंटचे कायदे काढून घेऊ शकत नाहीत, असे त्याने सांगितले. राजा हाच कायदा, असा बर्कली या न्यायाधीशाच्या मताचा आशय होता. उलट क्रोक आणि हटन यांनी ही पट्टी बेकायदा असल्याचे स्पष्ट बजावले. हे न्यायाधीश राजाच्या मर्जीवर आपल्या जागा राखून होते हे लक्षात घेतले, म्हणजे पाच विरोधी मतांचे वजन कळते.

५

राजा जिंकला आणि त्याच क्षणी वसुली कोसळू लागली. पूर्वी लोक कुरकुरत का होईना पट्टी देत होते, कारण ती तात्पुरती आहे अशी समजूत होती. फिंचने तिला तत्त्वाचे रूप दिले, तेव्हा प्रत्येक जमीनदारास उमगले की, आज वीस शिलिंगांवर जो हक्क सांगितला तोच उद्या सगळ्या मिळकतीवर सांगता येईल. १६३९ च्या आज्ञापत्रानुसार मागितलेल्या रकमेचा अल्पांशच जमा झाला.

तोच स्कॉटलंडात वणवा पेटला. तेथील चर्चवर नवे प्रार्थनापुस्तक लादण्याचा प्रयत्न चार्ल्सने १६३७ मध्ये केला होता. त्यातून बंड झाले आणि बंड मोडण्यास सैन्य हवे झाले. धर्माचा प्रश्न या झगड्यात पैशाच्या प्रश्नाइतकाच खोल होता. नुसत्या करांसाठी इतकी माणसे जिवावर उदार झाली असे आम्ही म्हणत नाही. परंतु राजास पार्लमेंटच्या दारी आणून उभे केले ते रिकाम्या खजिन्याने. एप्रिल १६४० मध्ये पार्लमेंट भरले. बारा साहाय्यकर मंजूर करा, मी जहाजपट्टी सोडतो, असा सौदा राजाने मांडला. जे बेकायदाच आहे ते सोडण्याची किंमत आम्ही का द्यावी, असे सभासदांस वाटले, आणि तीन आठवड्यांत ते पार्लमेंट मोडले. ऑगस्टमध्ये स्कॉट सैन्याने न्यूकॅसल घेतले. तह ठरेपर्यंत त्या सैन्याच्या पोटाला दररोज ८५० पौंड देण्याचे राजास कबूल करावे लागले. तितका पैसा फक्त पार्लमेंटच उभा करू शकत होते.

३ नोव्हेंबर १६४० रोजी जे पार्लमेंट भरले ते आता राजास मोडता येण्यासारखे नव्हते. निदान तीन वर्षांतून एकदा पार्लमेंट भरलेच पाहिजे असा कायदा झाला. जकात थोड्याथोड्या मुदतीने मंजूर होऊ लागली. जहाजपट्टी आणि तिच्यावरील निकाल १६४१ मध्ये कायद्याने रद्द झाले. येथवर जवळजवळ सारे पार्लमेंट एकमत होते. पुढे आयर्लंडातील बंडामुळे सैन्य कोणाच्या हाती असावे हा प्रश्न निघाला, तेव्हा ते दुभंगले. ४ जानेवारी १६४२ रोजी राजा शिपाई घेऊन पाच सभासदांस पकडण्यासाठी कॉमन्स सभेत शिरला. त्या पाचांत हॅम्पडेन होता. ते आधीच निसटले होते. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले आणि पुढील वर्षी जून महिन्यात चालग्रोव्हच्या चकमकीत जखमी होऊन हॅम्पडेन मरण पावला.

६

येथेच थांबलो तर कथा फार सोपी होते. पार्लमेंटने युद्ध चालविले ते कशावर? १६४३ पासून दर आठवड्यास आणि पुढे दरमहा जमीनपट्टी बसू लागली. बिअरवर, आणि पुढे मीठ व मांस यांवरही अबकारी कर आला. १६४९ मध्ये ही मासिक पट्टी ९० हजार पौंडांवर गेली. म्हणजे चार्ल्सने वर्षभरात जितके मागितले, तितके आता अडीच महिन्यांच्या आत मागितले जाऊ लागले. १६४८ च्या डिसेंबरात सैन्याने पुष्कळशा सभासदांस हाकलून दिले होते. त्यामुळे 'लोकांची संमती' या शब्दांतही फारसा अर्थ उरला नव्हता.

१६५४ मध्ये जॉर्ज कोनी नावाच्या एका व्यापाऱ्याने, ही जकात पार्लमेंटच्या कायद्याने बसविलेली नाही म्हणून ती देण्याचे नाकारले. म्हणजे त्याने हॅम्पडेनचेच शब्द उच्चारले. राज्य आता हॅम्पडेनच्या नातलगाचे, ऑलिव्हर क्रॉमवेलचे होते. क्रॉमवेलने काय करावे? कोनीच्या वकिलांस त्याने टॉवरमध्ये पाठविले. चार्ल्सने हॅम्पडेनच्या वकिलांस निदान बोलू दिले होते. आमच्या विद्यार्थ्यांस हा प्रसंग अवश्य सांगावा. सत्ता राजाच्या हाती असो वा राजास मारणाऱ्याच्या, विचारल्यावाचून पैसा घेण्याचा मोह सारखाच असतो.

१६६० मध्ये राजपद परत आले, पण प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या चार्ल्सने फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडून गुप्तपणे पैसा घेऊन पार्लमेंटला टाळण्याचा मार्ग शोधला. दुसऱ्या जेम्सला १६८५ च्या पार्लमेंटने हयातभराचे भरघोस उत्पन्न दिले. त्यावर त्याने सैन्य वाढविले आणि पार्लमेंट पुन्हा भरविलेच नाही. सेसिलच्या वेळी सभासदांच्या मनात आलेली शंका अशी अक्षरशः खरी ठरली. १६८८ मध्ये जेम्स पळून गेल्यावर 'हक्कांच्या कायद्या'ने संमतीवाचून पैसा घेणे बेकायदा ठरविले. पण केवळ शब्दांवर कोणीच विसंबले नाही. १६२८ मध्येही शब्दच दिले होते. या वेळी राजाची गरज कायम ठेवण्यात आली. विल्यम राजास जकात थोड्याच वर्षांपुरती मिळाली. सैन्यात शिस्त राखण्याचा कायदा मुदतीचा केला. १६९८ मध्ये राजदरबार व मुलकी कारभार यांच्यासाठी सात लाख पौंडांची नेमणूक निराळी काढली. खासगी आणि दौलत यांची फारकत येथून सुरू झाली.

यानंतर पार्लमेंट दरवर्षी भरू लागले. आश्चर्य असे की, संमतीने बांधलेला हा राजा आपल्या मोकळ्या पूर्वजांपेक्षा पुष्कळ अधिक पैसा उभारू शकला. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली ती सरकारास बारा लाख पौंड कर्ज देण्यासाठीच. राजाच्या वचनावर न विश्वासणारे सावकार पार्लमेंटच्या हमीवर पैसे देऊ लागले.

७

हॅम्पडेन लोकशाहीवादी नव्हता. त्याची कॉमन्स सभा जमीनदारांची होती, आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती अशा बहुसंख्य इंग्रजांची संमती तिने कधी विचारली नव्हती. त्याने रक्षण केले ते आपल्या वर्गाच्या थैलीचे, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढता येणार नाही. परंतु तत्त्वे पुष्कळदा मांडणाऱ्याच्या हेतूपेक्षा मोठी होतात. ज्याच्याकडून पैसा घ्यावयाचा त्यास विचारले पाहिजे, हे एकदा मान्य झाले, म्हणजे मग कोणाकोणास विचारावयाचे हा प्रश्न पुढील पिढ्यांस विचारता येतो. आपल्याकडील संस्थानी प्रजेने जबाबदार राज्यपद्धती मागितली, तेव्हा तीत राज्याच्या जमाखर्चावर लोकप्रतिनिधींचा अधिकार हीच गोष्ट गृहीत होती.

भारताच्या संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदाचा आशय एका ओळीचा आहे: कायद्याने अधिकार दिल्यावाचून कोणताही कर बसविता वा वसूल करता येणार नाही. त्यापुढचा अनुच्छेद सांगतो की, एकत्रित निधीतील पैसाही कायद्यावाचून बाहेर काढता येणार नाही. नागरिकशास्त्राच्या वर्गात ही वाक्ये विद्यार्थी पाठ करतो आणि विसरतो. अर्थसंकल्पावरील मागण्या कित्येकदा चर्चेवाचूनच संमत होतात आणि त्याचे आपणांस काही वाटत नाही. अशा वेळी शिक्षकाने वर्गात स्टोक मँडेव्हिलच्या त्या वीस शिलिंगांचा हिशेब फळ्यावर मांडावा. ऑगस्ट ते मार्च हे सात महिने आणि पार्लमेंट बोलाविण्यास लागणारे चाळीस दिवस एकाखाली एक लिहावेत, आणि वजाबाकी विद्यार्थ्यांसच करू द्यावी.